'ला एन': तीन पोरं, एक रिव्हॉल्वर आणि १९ तास २३ मिनिटं

रिकामटेकड्या पोरांचा कंटाळा पडद्यावर दाखवायला पैसे लागत नाहीत. एक कट्टा, तीन नट आणि दुपारचं ऊन एवढ्यात काम भागतं. अवघड आहे ते पोरांचा कंटाळा दाखवताना प्रेक्षकाला कंटाळा येऊ न देणं. 'बिघडलेली पोरं आणि टोळी' या वळणाचे कमी पैशांतले बहुतेक सिनेमे इथेच आपटतात. विसाव्या मिनिटाला दिग्दर्शकाचा धीर सुटतो, मग कुणीतरी कुणाला तरी भोसकतं, ढोल वाजायला लागतात आणि पुढचा तासभर सगळे संथगतीत चालत राहतात. 'ला एन' हा १९९५ सालचा फ्रेंच सिनेमा या खड्ड्यात पडत नाही. का पडत नाही, हे दृश्यागणिक उलगडून पाहता येतं, आणि म्हणून तीस वर्षांनंतरही तो पाहावासा वाटतो.

नावाचा अर्थ 'द्वेष'. दिग्दर्शक मात्यू कासोव्हित्झ, सिनेमा आला तेव्हा वय २७. लांबी ९८ मिनिटं, काळापांढरा. तेव्हाचा फ्रँकमधला खर्च आज युरोत मांडला तर २५ लाखांच्या आसपास जातो. फ्रान्सच्या मानानेही ही रक्कम बेताची. कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, तर १९९६ च्या सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, संकलन आणि निर्माता असे तीन. कानच्या सोहळ्यात बंदोबस्तावरच्या पोलिसांनी सिनेमाच्या चमूकडे पाठ फिरवली होती. तिकडे नुकतेच पंतप्रधान झालेल्या आलँ झ्युपे यांनी मंत्र्यांसाठी त्याचा खास खेळ लावला. एकाच सिनेमाला हे दोन्ही मान मिळणं विरळाच.

गोष्ट चार ओळींत संपते. पॅरिसबाहेरच्या एका वसाहतीत रात्रभर दंगल झालीय. अब्देल नावाचा मुलगा पोलिसांच्या मारामुळे बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे. दंगलीत एका पोलिसाचं रिव्हॉल्वर हरवलं, ते व्हिंझ या पोराच्या हाती लागलंय, आणि अब्देल मेला तर एक पोलीस मारायचा असं त्यानं ठरवलंय. व्हिंझ, ह्युबेर आणि सईद हे तिघे दिवसभर वसाहतीत हिंडतात, संध्याकाळी पॅरिसला जातात, शेवटची गाडी चुकते, पहाटे परततात. व्हिंझ ज्यू, ह्युबेर आफ्रिकी वंशाचा, सईद अरब. विषय हवेतून आलेला नव्हता. एप्रिल १९९३ मध्ये पॅरिसच्या १८ व्या विभागातल्या पोलीस चौकीत कोठडीतल्या १७ वर्षांच्या झाईरी (झाईर म्हणजे आताचं काँगो) मुलाला चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची गोळी लागली आणि तो मेला. कासोव्हित्झनं लिहायला घेतलं ते त्यानंतर.

मराठी प्रेक्षकाचा पहिला गोंधळ एका शब्दापाशी होतो. इंग्रजी उपशीर्षकांत 'सबर्ब' दिसलं की आपल्या डोक्यात 'उपनगर' येतं, आणि उपनगर म्हटलं की पार्ले, बोरिवली, नोकरदारांची सोसायटी. फ्रान्समधलं चित्र उलटं आहे. पैसेवाले शहराच्या पोटात राहतात आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कामगारांसाठी, पुढे उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांसाठी सरकारनं शहराबाहेर बांधलेल्या भाड्याच्या इमारतींच्या रांगा म्हणजे तिथलं उपनगर. आपल्याकडे जवळचं काही शोधायचं तर शहराच्या कडेला नेऊन टाकलेली पुनर्वसन वसाहत आठवावी. डोक्यावर पक्कं छप्पर आहे, नळाला पाणी आहे, पण करायला काही नाही आणि शहर गाडीनं तासाभरावर. एवढी दुरुस्ती मनात करून घेतली की सिनेमाचा अर्धा भूगोल आपोआप समजतो.

दुसरी दुरुस्ती 'टोळी' या शब्दाची. इथे भाई नाही, खंडणी नाही, वरून येणारा हुकूम नाही. ह्युबेर थोडा चरस विकतो, त्या पैशांतून आईला गॅसच्या बिलाचे पैसे देतो; धंद्याचा पसारा एवढाच. ही टोळी नव्हे, नाक्यावरची पोरं आहेत. पोलिसांना आणि वार्ताहरांना मात्र ती टोळीच दिसते, आणि सिनेमाचा सगळा ताण या दोन नजरांमधल्या अंतरात आहे. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये जमीन विकून आलेला पैसा संपतो आणि पोरगा टोळीत शिरतो. तिथे शिरायला टोळी तरी आहे. इथे शिरायलाही काही नाही.

आता कारागिरीकडे. कथानक इतकं पातळ असताना ९८ मिनिटं धरून ठेवायची तर कुठेतरी खुंटी हवी. कासोव्हित्झनं दोन ठोकल्यात. पहिली घड्याळ. काळ्या पडद्यावर १०:३८ असे आकडे येतात, टिक असा आवाज होतो, दृश्य सुरू. अशा पाट्या अधूनमधून येत राहतात, शेवटची ०६:०१. एकूण १९ तास २३ मिनिटं. ('चोवीस तासांची गोष्ट' असं सर्रास लिहिलं जातं. आकडे मोजायचे कष्ट कुणी घेत नाही.) पाट्यांमधलं अंतर सारखं नाही. कधी तासभर उडून जातो, कधी दोन पाट्यांच्या मधे फारसं काहीच घडत नाही. पण आकडे पुढे सरकतायत म्हणजे कशाकडे तरी चाललोय, असं प्रेक्षक मनाशी धरून बसतो. पडद्यावर तिघे नुसते पायरीवर बसलेले असले तरी. खर्च: काळी पाटी आणि पांढरे आकडे. नवख्या लघुपटांत हीच युक्ती फसते, कारण पाटीवर 'दुपार', 'संध्याकाळ' असं लिहिलेलं असतं. 'संध्याकाळ' वाचून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. मिनिटांचा आकडा दिसला की येतो.

दुसरी खुंटी ते रिव्हॉल्वर. स्मिथ अँड वेसनचं पॉइंट ४४ मॅग्नम, हातभर लांब दिसणारं, चांदीसारखं चकाकणारं. ते दिसतं तेव्हाच पोरांचे चेहरे बदलतात आणि मग बराच काळ ते व्हिंझच्या कमरेला, जाकिटाखाली असतं. प्रेक्षकाला दिसत नाही, पण विसरताही येत नाही. व्हिंझ वाकून बसला तरी लक्ष कमरेकडे जातं. रुग्णालयाच्या दारात पोलीस अडवतात तेव्हा संवाद साधेच आहेत, पण या माणसाच्या कमरेला काय आहे हे आपल्याला माहीत असतं. हत्यार झाकून ठेवण्याचा हा हिशेब ज्यांना कळत नाही ते दर दहा मिनिटांनी ते बाहेर काढतात. चौथ्या वेळेला ते खेळण्यातलं वाटायला लागतं.

पात्रांची ओळख कशी करून दिलीय तेही पाहण्यासारखं आहे. कुणी कुणाला 'काय रे व्हिंझ, बऱ्याच दिवसांनी' असलं काही म्हणत नाही. सईद पोलिसांच्या गाडीवर मागच्या बाजूला शिवीसकट आपलं नाव लिहितो. व्हिंझच्या बोटांत नावाची अक्षरं असलेली ठसठशीत अंगठी. ह्युबेरचं नाव मुष्टियुद्धाच्या पोस्टरवर, जळालेल्या व्यायामशाळेच्या भिंतीला. तीन नावं तीन वस्तूंवर, आणि त्या वस्तूंतून तिघांचा स्वभावही कळून जातो: एकाला सगळीकडे स्वतःची सही हवी, एकाला मुठीची मिजास, एकाचं जे काही होतं ते रात्री जळून गेलं. तिघा नटांची खरी नावंही जवळपास तीच: व्हँसाँ कासेल, ह्युबेर कुंदे, सईद ताग्माउई. कासेल आणि कुंदे दिग्दर्शकाच्या आधीच्या, १९९३ च्या सिनेमात होते, म्हणजे सूर लावण्यात वेळ गेला नसणार. गंमत अशी की पडद्यावर मुष्टियोद्धा आहे ह्युबेर, पण तरुणपणी खरं बॉक्सिंग खेळला होता तो ताग्माउई.

चित्रीकरणाची जागा शांतलू-ले-व्हीन्य, पॅरिसच्या वायव्येला. अनेक पालिकांनी नकार दिल्यावर ही मिळाली. चित्रीकरणाआधी दिग्दर्शक आणि नट काही महिने त्या वसाहतीतच जाऊन राहिले. हे वाचून 'वास्तवाचा अनुभव घेतला' वगैरे सुविचार सुचू शकतात. पण कारण तंत्रातही आहे.

वसाहतीतली दृश्यं छायाचित्रकार पिएर एमनं रुंद कोनाच्या भिंगांनी घेतलीत. रुंद भिंगात पुढचा चेहराही स्पष्ट आणि पन्नास पावलांवरची खिडकीही स्पष्ट. म्हणजे चौकटीत मागे जे जे आहे ते सगळं खरं असावं लागतं. सायकल फिरवणारं पोर, गॅलरीतून वाकून बघणारी बाई, पायरीवर बसलेली दहा जणं. भाड्याचे शंभर जण आणून उभे केले तर ते कॅमेऱ्याकडे बघतात आणि ताटकळल्यासारखे उभे राहतात. राहणारेच लोक पार्श्वभूमीला हवे असतील तर त्यांच्याशी आधी ओळख हवी, आणि ओळखीला महिने लागतात. तेवढे महिने गेले नसते तर भिंग बदलावं लागलं असतं, आणि भिंग बदललं असतं तर वसाहत नुसती पडद्यासारखी मागे लटकली असती.

पॅरिसमध्ये आल्यावर भिंगं लांब पल्ल्याची होतात. चेहरे पुढे येतात, मागचं शहर धूसर ठिपक्यांत विरघळतं. पोरांना हे शहर परकं आहे, त्यात त्यांना उभं राहायला जागा नाही, हे एकाही संवादाशिवाय पोचतं. पैशाच्या बाजूनंही हा निर्णय शहाणपणाचा. मागचं धूसर असेल तर रस्ता बंद करायला नको, दुकानांच्या पाट्या झाकायला नकोत, येणारे-जाणारे चालले तरी चालतं. एकाच निवडीनं अर्थही साधला आणि खर्चही वाचला. असं फार थोड्यांना जमतं.

दोन भागांच्या सांध्यावर एकच दिखाऊ चाल आहे, आणि ती शोभते. तिघे पॅरिसमध्ये पोचतात, उंचावरच्या कठड्याला टेकून उभे राहतात, मागे खोल रस्ता. मग ते जागचे हलत नाहीत, पण मागचं शहर सरकत सरकत त्यांच्या पाठीवर येतं. यात कॅमेरा रुळांवरून मागे जात असतो आणि त्याच वेळी भिंगाचा झूम पुढे जात असतो. दोन्हींचा वेग असा जुळवायचा की माणसांचा आकार तसूभरही बदलता कामा नये. त्यासाठी तीन माणसं लागतात: ट्रॉली ढकलणारा, झूम फिरवणारा, फोकस सांभाळणारा. यातल्या एकाचा जरी अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तर चेहरे फुगतात किंवा आक्रसतात आणि प्रेक्षकाला कॅमेरा 'दिसतो'. रूळ कमी पडले तर परिणाम अर्ध्यातच संपतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही चाल दुसऱ्यांदा वापरणं.

आरशाचं दृश्य आता पुस्तकांत गेलंय. व्हिंझ सकाळी न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून एका प्रसिद्ध अमेरिकन सिनेमातल्या माथेफिरू टॅक्सीवाल्याची नक्कल करतो. बोटांचं पिस्तूल, डोळे रोखलेले. कॅमेरा त्याच्या पाठीमागून थेट आरशाकडे सरकतो आणि आरशात कॅमेरा दिसत नाही. संगणकाची जादू त्या काळात या पैशांत शक्य नव्हती. आरसाच नाही. भिंतीत आरशाच्या आकाराचं भोक आहे. पलीकडे कासेल कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा, अलीकडे त्याच्याच केशरचनेचा दुसरा माणूस पाठमोरा. पाठमोरा माणूस कासेलच्या प्रत्येक हालचालीची उलटी नक्कल करतो. कासेलचा हात उजवा असेल तर याचा डावा.

हे कुणाला करून पाहायचं असेल तर क्रम असा. आधी प्लायवूडची भिंत, तिच्यात भोक, भोकाला आरशाची चौकट आणि खाली दोन्ही बाजूंनी दिसेल अशी फळी. फळीवरच्या वस्तू दोन-दोन आणायच्या आणि पलीकडच्या बाजूला उलट्या मांडायच्या: अलीकडे ब्रश डावीकडे असेल तर पलीकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यालाही तो डावीकडेच दिसला पाहिजे. अक्षरं असलेली कुठलीही गोष्ट, म्हणजे पेस्टची नळी, टी-शर्टवरचं नाव, काढून टाकायची, कारण आरशात अक्षरं उलटी दिसायला हवीत. उजेड दोन्ही बाजूंना एकाच उंचीवरून. आणि तालीम मोजून, आकड्यांवर: एकला मान, दोनला खांदा, तीनला हात. पाठमोऱ्यानं समोरच्याकडे बघून नक्कल केली तर तो नेहमी क्षणभर मागे राहतो. दोघांनीही आकडाच पाळायचा. पहिल्यांदा फसतं ते मानेच्या मागच्या केसांमुळे. अंगकाठी जुळते, कपडे जुळतात, मानेवरची केसांची रेघ जुळत नाही, आणि चौकटीत तीच सगळ्यात जवळ असते. एका दुपारीत सुताराच्या मजुरीत होणारं काम आहे.

काळ्यापांढऱ्या रंगाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्याची नक्कल फार वाईट होते. सिनेमा रंगीत निगेटिव्हवर चित्रित झाला आणि काळ्यापांढऱ्यात छापला गेला; पैसे घालणाऱ्यांना रंगीत आवृत्तीची वाट मोकळी हवी होती. पण मांडणी पहिल्यापासून काळ्यापांढऱ्याचीच वाटते. सिमेंटची राखाडी भिंत, पुढे गडद जाकीट, त्यावर फिकट चेहरा असे थर सुटे सुटे राहतात. रंग काढून टाकल्याचा फायदा गरीब निर्मितीला भरपूर होतो. खिडकीतला निळसर उजेड आणि ट्यूबलाइटचा हिरवट उजेड यांचं भांडण मिटतं, कपड्यांची रंगसंगती बघावी लागत नाही, दोन वेगळ्या दिवशी घेतलेले तुकडे जुळतात. मात्र लाल आणि हिरवा, उजळपणा सारखा असेल तर, एकाच राखाडीत येतात. रंगीत चित्रित करून शेवटी संगणकावर रंग उडवणाऱ्यांचा नायक भिंतीत विरघळतो तो याच कारणानं. चित्रीकरणाच्या आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काळापांढरा फिल्टर लावून जागा आणि कपडे बघावेत. पाच मिनिटांचं काम आहे, बहुतेक जण करत नाहीत.

वसाहतीच्या भागात एक उंचावरून तरंगणारं दृश्य आहे. एक डीजे खिडकीत ध्वनिवर्धक लावतो आणि पोलिसांना शिव्या घालणारं रॅप आणि एदित पियाफचं जुनं फ्रेंच गाणं एकमेकांत मिसळत वाजवतो. हा डीजे कट किलर, खराखुरा. कॅमेरा इमारतींमधल्या पोकळीवरून सावकाश तरंगत जातो. ड्रोन तेव्हा नव्हते, खेळण्यातल्यासारख्या छोट्या दूरनियंत्रित हेलिकॉप्टरला कॅमेरा बांधला होता. आज प्रत्येक गावच्या यात्रेच्या चित्रफितीत ड्रोन उडतो, त्यामुळे हे दृश्य तितकं भारी वाटणार नाही. पण कॅमेरा उडण्याआधी गाणं खिडकीतून बाहेर पडलेलं आहे, कॅमेरा त्या आवाजामागून निघालाय, हे लक्षात घ्यावं. एरवीही सिनेमाभर वेगळं पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. जे वाजतं ते त्या जागेतल्या टेपवर, कुणाच्या तरी घरात. भावना कुठे उमटवायची हे व्हायोलिन सांगत नाही.

दोन दृश्यं अशी आहेत की ज्यासाठी तिकीट काढावं. एक, वसाहतीतल्या खळग्यात खेळाच्या जागी बसलेले तिघे आणि वर रस्त्यावर गाडीतून न उतरता प्रश्न विचारणारी दूरचित्रवाणीची वार्ताहर. 'काल दंगलीत होता का?' पोरं भडकतात, ह्युबेर म्हणतो हे काही थुआरी नाही. थुआरी हे पॅरिसजवळचं, गाडीत बसून प्राणी बघत हिंडायचं अभयारण्य. नाव माहीत नसेल तर वाक्य हवेत जातं, माहीत असेल तर गाडीचं न उघडलेलं दार कानफटात बसतं. पुढे आपल्याला त्यांच्या कॅमेऱ्यातून पोरं दिसतात, वरून, हातवारे करणारी. त्या कोनातून ती खरंच टोळीसारखी दिसतात.

दुसरं पॅरिसमधल्या सार्वजनिक शौचालयातलं. तिघे रिव्हॉल्वरवरून भांडतायत. दार उघडून एक बुटका म्हातारा बाहेर येतो आणि ग्रुनवाल्स्की या मित्राची गोष्ट सांगतो. सायबेरियाला नेणारी मालगाडी, बर्फात नैसर्गिक विधीसाठी थांबलेली, मित्र लाजाळू, म्हणून लांब जाऊन बसला, गाडी सुटली, तो धावला, पण म्हाताऱ्याचा हात धरायला हात पुढे केला की विजार घसरायची, विजार सावरली की हात सुटायचा. शेवटी गाडी गेली. म्हातारा एवढं सांगून निघून जातो. पोरं एकमेकांकडे बघतात: हे आपल्याला का सांगितलं? उत्तर मिळत नाही, सिनेमाही देत नाही. हसू येतं आणि लगेच चुकल्यासारखं वाटतं. हे सगळं घडतं फरशी लावलेल्या एका खोलीत, आरशांसमोर, चार नटांत.

आता तक्रारी. पॅरिसचा उत्तरार्ध मधेच सैलावतो. चित्रांच्या प्रदर्शनातलं दृश्य ठरवून लिहिल्यासारखं आहे: श्रीमंत लोक, फुकटचं खाणं, पोरांचा आगाऊपणा, हकालपट्टी. पुढे काय होणार हे आत शिरतानाच कळतं. वसाहतीत मधेच व्हिंझला गाय दिसते, तिचा अर्थ लावत विद्यार्थ्यांनी निबंध लिहिलेत. पडद्यावर मात्र ती दिग्दर्शकाच्या हौसेची गाय वाटते. बायका जवळपास नाहीतच. आया, आज्या, बहिणी दारात येतात, एखादं वाक्य बोलतात आणि जातात. सईद रस्त्यात बहिणीला दटावून घरी पाठवतो, त्या मुलीचा दिवस कसा गेला असेल याची दखल सिनेमाला घ्यावीशी वाटत नाही. पोलिसांच्या बाबतीत मात्र, ओरड झाली तितका एकांगीपणा नाही. सईदला सोडवणारा समीर हा अरब पोलीस आहे, आणि कोठडीतल्या छळाच्या दृश्यात कोपऱ्यात बसलेला शिकाऊ पोलीस मान फिरवतो. त्या दृश्यात सगळ्यात अंगावर येतं ते मारणं नव्हे; 'इथे थांबायचं असतं' असं त्या शिकाऊला समजावून सांगणारा वरिष्ठांचा शिकवणीचा सूर.

उपशीर्षकं हा या सिनेमाचा सगळ्यात दुखरा भाग. पोरं बोलतात ती 'व्हेर्लां', शब्दांची अक्षरं उलटवून केलेली बोली. पोलिसाला फ्रेंच बोलीत 'फ्लिक', तो उलटून 'केफ'. बाई म्हणजे 'फाम', ती 'मेफ'. या बोलीचं नावही 'उलटं' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाला उलटवूनच बनलंय. आपल्याकडे शाळेत पोरं मोठ्यांना कळू नये म्हणून 'च'ची भाषा बोलतात, तत्त्व तेच, फक्त इथे ती सोडून दुसरी भाषाच पोरांना जवळची नाही. इंग्रजीत हे सगळं गळून नुसत्या शिव्या उरतात. जुन्या इंग्रजी उपशीर्षकांनी तर कहर केला होता: अस्तेरिक्स (फ्रेंच चित्रकथेचा नायक) हे एका पात्राचं नाव अमेरिकन प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून त्याचं स्नूपी (अमेरिकन चित्रकथेतला कुत्रा) केलं. प्रतीत स्नूपी दिसला की ती प्रत बदलावी.

एक जागा मात्र अशी आहे जिथे मराठी प्रेक्षक इंग्रजी प्रेक्षकापेक्षा पुढे असतो. पॅरिसच्या रस्त्यावर एक पोलीस सईदला पत्ता सांगतो. सईद परत येतो तो चक्रावून: इथले पोलीस काय सभ्य आहेत, मला चक्क 'व्हू' म्हणाला! 'व्हू' म्हणजे 'तुम्ही'. वसाहतीत पोलिसांकडून आयुष्यभर 'तू' ऐकलेलं पोर आहे ते. इंग्रजी उपशीर्षकात 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही एकच, त्यामुळे विनोद पसरट होतो. मराठीत तो जसाच्या तसा उतरतो, आणि त्याच रात्री पुढे चौकीत काय होतं ते बघितल्यावर तो 'तुम्ही' घशात अडकतो. कुणी मराठी उपशीर्षकं करायला घेतली तर इथूनच सुरुवात करावी.

पाहायचा असेल तर २५ वर्षांच्या निमित्तानं २०२० मध्ये आलेली ४के प्रत शोधावी. जुन्या डीव्हीडीत काळा रंग मातकट होतो आणि रात्रीची दृश्यं चिखल दिसतात. घरच्या टीव्हीवर 'व्हिव्हिड' सेटिंग बंद करावं, नाहीतर कडक पांढऱ्यामुळे चेहऱ्यांवरचे मधले करडे थर उडतात. सोबत कोण आहे ते बघावं: शिव्या अखंड आहेत, अमली पदार्थ आहेत, छळाचं एक दृश्य आहे, नग्नता नाही. पोरसवद्यांना दाखवायचा तर कॉलेजच्या वयाला, आणि नंतर अर्धा तास बोलायला ठेवून. २००५ च्या शरदात पॅरिसच्या कडेच्या वसाहती खरोखर पेटल्या तेव्हा फ्रान्समध्ये पुन्हा या सिनेमाची चर्चा झाली, तीही बोलण्यात येऊ द्यावी.

फिल्म सोसायटीवाल्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे ९८ मिनिटांच्या सिनेमालाही चहाची सुट्टी घेण्याची खोड आहे. या सिनेमात ती घेऊ नये, आकड्यांचा ताण तुटतो आणि परत जुळत नाही. सभागृहाच्या नियमामुळे घ्यावीच लागली तर पोरं गाडीत बसून पॅरिसला निघाल्यावर, कठड्यावरच्या त्या दृश्याच्या आधी घ्यावी. त्याच्यानंतर घेतली तर शहर पोरांच्या पाठीवर येऊन ठेपलेलं असतं आणि लोक भजी खायला बाहेर गेलेले असतात.